निवाऱ्याचे मोजमाप : छत्रपती संभाजीनगरातील वृद्धसेवेचा इतिहास

वृद्धांना आश्रय देणाऱ्या संस्थेची पारख तीन प्रश्नांवर होते : तेथे काय पुरवले जाते, रोजचे काम कसे चालते आणि त्यामुळे राहणाऱ्याची प्रकृती कशी राहते. पहिल्या प्रश्नाचे उत्तर खाटा, खोल्या आणि भाकरी मोजून मिळते. दुसऱ्यासाठी संस्थेत जाऊन पाहावे लागते. तिसऱ्यासाठी प्रत्येक माणसाची नोंद वर्षानुवर्षे ठेवावी लागते, म्हणून तो सर्वांत उशिरा विचारला गेला. १६१० साली मलिक अंबरने खडकी या गावी वसवलेल्या, पुढे औरंगाबाद म्हटल्या गेलेल्या आणि २०२३ पासून छत्रपती संभाजीनगर या नावाने ओळखल्या जाणाऱ्या शहरात गेल्या चारशे वर्षांत आश्रयस्थानांची रूपे अनेकदा बदलली. सुफींचा तकिया, दर्ग्याचा लंगर, देवस्थानाचे सदावर्त, दुष्काळातला गरीबखाना, अनुदानित वृद्धाश्रम आणि आता पैसे घेऊन चालणारे शुश्रूषा केंद्र असा हा क्रम आहे. त्यांना पारखण्याची रीत मात्र बराच काळ पहिल्या प्रश्नापाशीच राहिली.

परिचारकाचे गुण

सेवा चांगली की वाईट, हे ठरवण्याचे निकष भारतात फार पूर्वी सांगितले गेले होते. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात उपचाराचे चार आधार मानले आहेत : वैद्य, औषध, परिचारक आणि रोगी. प्रत्येकाचे चार गुण दिले आहेत. परिचारकाच्या वाट्याला उपचाराचे ज्ञान, दक्षता, रोग्याविषयी आपुलकी आणि स्वच्छता हे गुण येतात. बौद्ध भिक्षूंच्या आचारनियमांचा संग्रह असलेल्या विनयपिटकातही आजाऱ्याजवळ बसणाऱ्याचे पाच गुण सांगितले आहेत. त्याला औषध तयार करता यावे, पथ्य-अपथ्य कळावे, मोबदल्याच्या आशेने नव्हे तर मैत्रीभावनेने त्याने सेवा करावी, मलमूत्र व उलटी उचलण्याची किळस येऊ नये आणि आजाऱ्याला धर्माच्या बोलण्याने धीर देता यावा. अतिसाराने घाणीत पडलेल्या, कोणीही न विचारलेल्या एका भिक्षूला बुद्धाने आपला शिष्य आनंद याच्या मदतीने स्वतः धुतले, त्या प्रसंगाला जोडून हा नियम येतो. भिक्षूंना आईबाप जवळ नसतात, म्हणून त्यांनी एकमेकांची शुश्रूषा केली पाहिजे, असे त्यामागचे कारण दिले आहे.

अजिंठा, वेरूळ आणि औरंगाबाद लेणी हे या जिल्ह्यातले मोठे विहारसमूह याच नियमांखाली चालणाऱ्या संघांचे होते. घर सोडलेल्या माणसांनी एकत्र राहायचे आणि तेथेच म्हातारे व्हायचे, अशी रचना असलेली या भागातली ही सर्वांत जुनी निवासस्थाने होत. विनयातल्या पाच गुणांपैकी चार गुण सेवा कशी केली जाते याविषयी आहेत. म्हणजे वर सांगितलेला दुसरा प्रश्न विचारांच्या पातळीवर सुटलेला होता. तो संस्थेच्या हिशेबात मात्र पुढे शतकानुशतके उतरला नाही.

तकिया, लंगर आणि सदावर्त

मोगल काळात औरंगाबाद ही दख्खनची राजधानी होती. मध्य आशियातून आलेले सैनिक, व्यापारी आणि फकीर येथे थांबत. त्यांच्यातल्या आजारी व निराधार माणसांना आसरा देणारे एक ठिकाण म्हणजे नक्शबंदी या सुफी परंपरेतले बाबा शाह पलंगपोश आणि त्यांचे शिष्य बाबा शाह मुसाफिर यांचा तकिया. या तकियातल्या घडामोडींची हकीकत त्यांच्या परंपरेतल्या बाबा शाह महमूद यांनी 'मल्फुजात-ए-नक्शबंदिया' या फारसी ग्रंथात नोंदवून ठेवली. सायमन डिग्बी यांनी त्याचा इंग्रजी अनुवाद २००१ साली प्रसिद्ध केला. एका सुफी निवासस्थानाचा रोजचा व्यवहार इतक्या तपशिलाने दाखवणारी साधने दख्खनमध्ये थोडीच आहेत.

याच तकियाच्या आवारात अठराव्या शतकात पाणचक्की उभी राहिली. डोंगराकडच्या झऱ्याचे पाणी जमिनीखालच्या नहरीने आणून उंचावरून सोडायचे, त्या जोरावर जाते फिरवायचे आणि त्या पिठावर फकीर, मुसाफिर व गोरगरीब जेवायचे, अशी ती व्यवस्था होती. आज पर्यटक ती स्थापत्याचा नमुना म्हणून पाहतात. मुळात ती एका आश्रयस्थानाच्या स्वयंपाकघराची यंत्रसामग्री होती. जवळच खुलताबादला दर्ग्यांचे लंगर होते. पैठणला आणि वेरूळच्या घृष्णेश्वराला येणाऱ्या यात्रेकरूंसाठी देवस्थानांची व दानशूरांची सदावर्ते आणि धर्मशाळा होत्या.

या सगळ्या जागांमध्ये म्हातारा माणूस हा वेगळा वर्ग नव्हता. आंधळा, पांगळा, विधवा, बैरागी, फकीर आणि वाट चुकलेला प्रवासी यांच्या पंक्तीतच तो बसे. हिशेब ठेवला जाई तो देणाऱ्याच्या बाजूने : वक्फात, म्हणजे धर्मादाय दानात, दिलेल्या जमिनीचे उत्पन्न किती आले, तिच्या व्यवस्थापकाने (मुतवल्लीने) त्यातले किती लंगरावर खर्च केले, इनामाचे धान्य कोठारात पोचले की नाही. जेवून उठणाऱ्याचे पुढे काय झाले, हे लिहिण्याची वही नव्हती. दान देणाऱ्याचे पुण्य धान्य पोचले की पूर्ण होत असे. महाराष्ट्र राज्य वक्फ मंडळाचे कार्यालय पाणचक्कीच्याच परिसरात आले आणि मालमत्ता व उत्पन्नावर देखरेख करणारी ती जुनी परंपरा त्या जागी नव्या स्वरूपात चालू राहिली.

निजामी काळ : दवाखाना आणि गरीबखाना

राजधानी हैदराबादला गेल्यावर औरंगाबाद ओसरत गेले. १९०१ च्या जनगणनेत छावणी धरून शहराची लोकसंख्या ३६,८३७ होती. इतक्या लहान वस्तीत म्हातारपण घरातच निघे. घर नसलेल्यांना दर्गा, मठ आणि मशिदीच्या ओसऱ्या होत्या. निजाम सरकारचे युनानी आणि ॲलोपॅथी दवाखाने आजार बरा करण्यासाठी होते. बरा न होणाऱ्या, नुसती काळजी हव्या असलेल्या माणसासाठी वेगळी संस्था नव्हती.

१८९९-१९०० च्या दुष्काळाने मराठवाडा होरपळला. त्या काळच्या दुष्काळी मदतीच्या पद्धतीत काम करू शकणाऱ्यांना खडी फोडण्याचे वा तलाव खणण्याचे काम दिले जाई. वृद्ध, अपंग आणि खंगलेल्या माणसांना गरीबखान्यात किंवा गावातच फुकट अन्न देण्याची तरतूद असे. या गरीबखान्यांमुळे एक नवी गोष्ट सुरू झाली. तेथे दाखल झालेल्यांची आणि मेलेल्यांची संख्या नोंदली जाऊ लागली आणि दुष्काळ आयोगांपुढे ती ठेवली जाऊ लागली. आश्रयस्थानाच्या कामाचा अंदाज तेथील माणसांच्या जगण्या-मरण्यावरून घेण्याची ही ओबडधोबड सुरुवात होती. आकडा वाढला की बचाव ठरलेला असे : लोक मरणाच्या दारातच येथे आणले गेले.

हा बचाव खोटा नव्हता, आणि नेमका हाच पेच इंग्लंडमध्ये आधी येऊन गेला होता. फ्लोरेन्स नाइटिंगेल यांनी १८६३ च्या आपल्या ग्रंथात लंडनच्या २४ रुग्णालयांचा वार्षिक मृत्युदर ९०.८४ टक्के दाखवला होता. वर्षभरातल्या मृत्यूंना एका ठरावीक दिवशी दाखल असलेल्या रुग्णांच्या संख्येने भागून तो काढला होता. शहरातल्या मोठ्या रुग्णालयांत जास्त गंभीर रुग्ण येतात आणि खाटा लवकर रिकाम्या होऊन पुन्हा भरतात, हे त्या भागाकारात धरलेलेच नाही, अशी टीका त्यावर झाली. कोण किती आजारी अवस्थेत आत आला हे विचारात न घेता संस्थांची तुलना करता येत नाही, हा धडा पुढच्या सगळ्या मोजमापाचा पाया ठरला.

मराठी मुलखात वृद्ध आणि पांगळ्यांसाठी स्वतंत्र संस्था पुण्यात आधी निघाली. डेव्हिड ससून यांच्या देणगीतून १८६० च्या दशकात उभे राहिलेले अनाथ पंगुगृह पुढे 'निवारा' वृद्धाश्रम म्हणून नावाजले. औरंगाबादला अशी संस्था यायला शंभर वर्षांहून अधिक काळ जावा लागला.

नोंदणी आणि अनुदान

हैदराबाद संस्थान १९४८ साली भारतात विलीन झाले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९६० साली महाराष्ट्रात. त्यामुळे मुंबई राज्यातले कायदे आणि योजना क्रमाने येथे लागू झाल्या. १९५६ सालीच औरंगाबादचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. त्याचे रुग्णालय शहरात 'घाटी' या नावाने ओळखले जाते, आणि जिल्ह्यातल्याच नव्हे तर आसपासच्या जिल्ह्यांतल्याही गरीब रुग्णाचा शेवटचा आधार तेच राहिले. घरचे नेऊ न शकलेले किंवा न आलेले म्हातारे रुग्ण कोठे पाठवायचे, हा प्रश्न अशा रुग्णालयाला कायम पडत आला आहे.

वृद्धांच्या संस्थांना या काळात तीन कायदे व योजनांनी घेरले. पहिला, १९४९ चा मुंबई शुश्रूषागृह नोंदणी कायदा. आजारी माणसांना ठेवून घेणाऱ्या खासगी संस्थेने स्थानिक प्राधिकरणाकडे नोंदणी करावी, तेथे पात्र वैद्यकीय माणसे व परिचारिका असाव्यात, असे त्याचे म्हणणे होते. प्रत्यक्षात तो प्रसूतिगृहे आणि लहान खासगी रुग्णालये यांचाच कायदा होऊन बसला. आजारी नाही पण स्वतःचे स्वतः करताही येत नाही, अशा म्हाताऱ्यांना सांभाळणारी घरे बहुतेक वेळा त्याच्या बाहेर राहिली. दुसरा, १९५० चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा. धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेल्या संस्थेचे हिशेब त्याने तपासले जातात. देणगी कोठून आली आणि कोठे गेली हे त्यातून कळते. अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या पाठीवर जखम आहे की नाही, हे कळत नाही.

तिसरी गोष्ट म्हणजे अनुदान. स्वयंसेवी संस्थांमार्फत वृद्धाश्रम चालवण्याची राज्याची योजना १९६३ सालापासूनची आहे. ६० वर्षांवरील पुरुष आणि ५५ वर्षांवरील स्त्रिया यांना प्रवेश, त्यांच्या अन्न, वस्त्र, निवारा व औषधोपचारासाठी संस्थेला माणशी दरमहा ठरावीक 'परिपोषण अनुदान' असे तिचे स्वरूप. हा दर दीर्घकाळ दरमहा ९०० रुपये होता. अनुदानासाठी समाजकल्याण खात्याचा अधिकारी तपासणीला येई तेव्हा हजेरीपट, साठा नोंदवही, जेवणाचा तक्ता, खाटा आणि गाद्या पाहिल्या जात. 'मंजूर संख्या' आणि 'प्रवेशित संख्या' हे या पद्धतीतले मुख्य आकडे होते, कारण पैसे त्यांवरच मिळत. वक्फाच्या हिशेबातले धान्य येथे रुपयांत बदलले, एवढाच फरक.

औद्योगिक शहर आणि मातोश्री वृद्धाश्रम

औरंगाबादचे रूप आणि आकार १९७० नंतर झपाट्याने बदलले. चिकलठाण्याची औद्योगिक वसाहत, सिडकोने वसवलेले नवे शहर, १९८२ साली झालेली महानगरपालिका आणि १९८५ च्या सुमारास वाळूजला आलेला बजाज ऑटोचा कारखाना यांमुळे मराठवाडा, विदर्भ आणि खानदेशातून तरुण माणसे येथे आली. १९९१ साली शहराची लोकसंख्या ५,७३,२७२ होती. २०११ साली ती ११,७५,११६ झाली. सिडकोच्या लहान घरांत एका पिढीचा संसार मावत असे. त्याच घरांत आता आलेल्यांचे निवृत्त जीवन सुरू झाले आणि त्यांची मुले पुणे, बंगळूर किंवा परदेशात गेली. दुसरीकडे कोरडवाहू गावांतून ऊसतोडीला आणि मजुरीला जाणाऱ्या कुटुंबांचे म्हातारे गावात एकटे राहू लागले. एकाकडे पेन्शन आणि रिकामे घर, दुसऱ्याकडे दोन्ही नाही. शहरातल्या वृद्धाश्रमांत हे दोन्ही वर्ग येतात आणि त्यांच्या गरजा वेगळ्या असतात.

१९९५ साली राज्यात आलेल्या युती सरकारने त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात मातोश्री वृद्धाश्रम योजना जाहीर केली. प्रत्येक जिल्ह्यात शंभर वृद्धांसाठी एक वृद्धाश्रम, त्यासाठी सुमारे पाच एकर सरकारी जमीन आणि बांधकामाला अनुदान अशी ती आखणी होती. वार्षिक उत्पन्न १२,००० रुपयांपेक्षा जास्त असणाऱ्याने दरमहा ५०० रुपये भरावेत आणि कमी असणाऱ्याला मोफत प्रवेश मिळावा, असा नियम होता. औरंगाबादचा मातोश्री वृद्धाश्रम पैठण रस्त्यावर, शहराबाहेर मोकळ्या जागेत झाला. मोठी जागा, झाडे, मंदिर, वाचनालय आणि सामाईक भोजनगृह हे या योजनेचे ठळक रूप होते. म्हातारपण रुग्णालयासारखे नव्हे तर गावासारखे जावे, ही त्यामागची कल्पना चांगली होती. तिची दुसरी बाजू अशी की शहरापासूनचे अंतर, मोठे आवार आणि सामाईक सोयी या चालत्या-फिरत्या माणसाला मानवतात. वर्षे गेली की तेच रहिवासी अंथरुणाला लागतात. मग कर्मचारी आणि खोल्या दोन्ही अपुरे पडतात.

राज्यातल्या बऱ्याच वृद्धाश्रमांच्या प्रवेश-नियमांत 'स्वतःची कामे स्वतः करू शकणारा' अशी अट असते. अंथरुणाला खिळलेला, स्मृतिभ्रंश झालेला किंवा संसर्गजन्य आजार असलेला माणूस तेथे घेतला जात नाही. त्यामुळे सर्वाधिक सेवेची गरज असलेला वृद्ध संस्थेबाहेर राहतो. त्याच्यासाठी सेवक पुरवणाऱ्या 'ब्युरो'कडून बारा तासांच्या पाळीवर येणाऱ्या मावशी किंवा भाऊ, नाहीतर शहराच्या कडेच्या वसाहतीत भाड्याच्या बंगल्यात चालणारे शुश्रूषा केंद्र हेच पर्याय उरतात. या क्षेत्राची वाढ झाली ती नोंदणी आणि तपासणी यांच्या पुढे धावून.

२००७ चा कायदा

आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांचे पालनपोषण व कल्याण कायदा संसदेने २००७ साली केला. महाराष्ट्रात तो २००९ पासून लागू झाला आणि २०१० साली राज्याचे नियम आले. निर्वाहभत्त्यासाठी प्रांताधिकाऱ्यापुढे अर्ज करण्याची सोय हा त्याचा सर्वाधिक वापरला गेलेला भाग. कमाल भत्ता दरमहा १०,००० रुपये ठरवला होता. कलम १९ प्रमाणे राज्य सरकारला प्रत्येक जिल्ह्यात किमान १५० निराधार ज्येष्ठांसाठी एक तरी वृद्धाश्रम काढता येतो. ते बंधनकारक केलेले नाही.

केंद्राने राज्यांना दिलेल्या नमुना नियमांत वृद्धाश्रमाचे मापदंड आहेत. झोपण्याची जागा माणशी किमान साडेसात चौरस मीटर, स्वयंपाकघर-भोजनगृहासह एकूण जागा माणशी १२ चौरस मीटर, स्त्री-पुरुषांसाठी वेगळी सोय, म्हाताऱ्यांना वापरता येतील अशी संडास-न्हाणी, प्रथमोपचार, वैद्यकीय खोली. मापदंड असणे ही मोठी पायरी होती. पण बारकाईने पाहिले तर हे सगळे इमारतीचे आणि सामानाचे मापदंड आहेत. साडेसात चौरस मीटरच्या खोलीतला माणूस वर्षभरात किती किलोने उतरला, हे त्यात कोठेही विचारलेले नाही.

प्रकृतीचे माप कसे घडले

आरोग्यसेवेचा दर्जा साधने, प्रक्रिया आणि परिणाम अशा तीन अंगांनी तपासावा, ही मांडणी अवेडिस डोनाबेडियन यांनी १९६६ साली केली. तिचा वृद्धसेवेतला सर्वांत मोठा प्रयोग अमेरिकेत झाला. तेथील नर्सिंग होममधल्या हेळसांडीच्या बातम्यांनंतर 'इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिन'ने १९८६ साली अहवाल दिला आणि १९८७ साली सुधारणा कायदा झाला. सरकारी पैसा घेणाऱ्या प्रत्येक गृहाने प्रत्येक रहिवाशाची एकाच नमुन्यात तपासणी करून नोंद ठेवावी, असे त्याने बंधन घातले. दाखल झाल्यावर चौदा दिवसांत, मग दर तीन महिन्यांनी आणि वर्षातून एकदा सविस्तर अशी ही नोंद होते.

या नोंदींतून दर्जाची मापे काढली गेली. दाबाने होणाऱ्या जखमा किती जणांना झाल्या, पडून मोठी दुखापत किती जणांना झाली, किती जणांना बांधून ठेवले, मूत्रनलिका किती जणांना लावून ठेवली, मूत्रमार्गाचा संसर्ग, शांत ठेवण्यासाठी दिलेली मनोविकाराची औषधे, खाणे-उठणे-कपडे घालणे यांत परावलंबन किती वाढले आणि वजन किती घटले. महिन्यात पाच टक्के किंवा सहा महिन्यांत दहा टक्के वजन कमी होणे ही धोक्याची खूण मानली गेली. शंभर दिवसांहून अधिक राहणारे आणि शस्त्रक्रियेनंतर थोडे दिवस राहणारे यांची मापे वेगळी धरली गेली, कारण दोघांकडून सारखी अपेक्षा करता येत नाही.

१९९८ साली ही माहिती जनतेसाठी तुलनात्मक स्वरूपात खुली झाली. २००२ साली तीत दर्जाची मापे आली आणि २००८ च्या डिसेंबरपासून प्रत्येक गृहाला एक ते पाच तारे मिळू लागले. सरकारी तपासणीच्या गुणांवर प्रत्येक राज्यातल्या वरच्या दहा टक्के गृहांना पाच तारे, तळाच्या वीस टक्क्यांना एक, असा पाया ठरतो. मग कर्मचारीसंख्या आणि रहिवाशांच्या प्रकृतीची मापे यांनुसार तारे कमी-जास्त होतात.

या पद्धतीची कच्ची बाजूही लवकर दिसली. प्रकृतीच्या नोंदी गृहातलेच कर्मचारी भरतात, त्यामुळे वाईट गोष्ट कमी लिहिण्याचा मोह असतो. कर्मचारीसंख्याही गृहे स्वतःच सांगत. तपासणीच्या आठवड्यात ती वाढे. म्हणून २०१६ पासून पगारपत्रकाच्या आधारे तिची माहिती घेतली जाऊ लागली. इंग्लंडने वेगळी वाट धरली. २००९ साली स्थापन झालेला तेथील आयोग सुरक्षितता, परिणामकारकता, आपुलकी, गरजेला प्रतिसाद आणि व्यवस्थापन या पाच अंगांनी गृह पाहतो आणि चारपैकी एक श्रेणी देतो. ती श्रेणी गृहाने दर्शनी भागात लावावी लागते. अमेरिकेचा भर आकड्यांवर, इंग्लंडचा तपासनिसाच्या डोळ्यांवर. दोन्ही पद्धतींत निकाल लोकांपुढे येतो, हे साम्य.

संभाजीनगरातील संस्थांची तुलना

शहरातल्या दोन वृद्धाश्रमांची तुलना आज करायची झाली तर घरचे लोक महिन्याचे शुल्क, जेवण, स्वच्छता, डॉक्टर कितव्या दिवशी येतो आणि वागणूक कशी आहे, एवढे विचारतात. हे प्रश्न गैर नाहीत. पण प्रकृतीची मापे काढण्यासाठी लागणारी साधने महागडी नाहीत आणि अनोळखीही नाहीत. वजनकाटा, रक्तदाबाचे यंत्र, साखर तपासण्याचे यंत्र आणि एक वही पुरते. अंघोळ, कपडे, संडास, उठ-बस, मलमूत्रावर ताबा आणि जेवण या सहा कामांत माणूस किती स्वावलंबी आहे हे पाहण्याची कॅट्झ यांची पद्धत १९६३ पासून आहे. दहा कामांना मिळून शंभर गुण देणारा बार्थेल निर्देशांक १९६५ चा. दाबाच्या जखमांचा धोका ओळखणारी ब्रेडन मोजपट्टी १९८७ ची. तिन्ही कामे प्रशिक्षित परिचारिका काही मिनिटांत करू शकते.

अडचण आकड्यांचा अर्थ लावण्यात आहे. चालत्या-फिरत्या लोकांनाच घेणाऱ्या संस्थेत जखमा जवळजवळ दिसणारच नाहीत. अंथरुणाला खिळलेल्यांना घेणाऱ्या केंद्रात त्या काही प्रमाणात दिसतील. नुसता आकडा पाहिला तर कठीण माणसे नाकारणारी संस्था श्रेष्ठ ठरेल. नाइटिंगेल यांच्या भागाकारावर झालेली टीका येथे जशीच्या तशी लागू पडते. म्हणून तुलना करताना दाखल होतानाची अवस्था आणि सहा महिन्यांनंतरची अवस्था यांतला फरक पाहावा लागतो. जखम घेऊन आलेल्या माणसाची जखम भरली तर ते संस्थेचे यश, आत आल्यावर झाली तर अपयश.

दुसरी अडचण लहान संख्येची. पंचवीस जणांच्या आश्रमात एक माणूस पडून खुब्याचे हाड मोडले तर प्रमाण चार टक्के होते. पुढच्या वर्षी कोणी पडले नाही तर शून्य. एवढ्यावर दोन संस्थांत डावे-उजवे करणे चुकीचे ठरते. तीन-चार वर्षांच्या नोंदी एकत्र केल्या तरच काही सांगता येते.

तिसरी अडचण चाचण्यांची. १९७५ साली आलेली स्मृतीची प्रसिद्ध तीस गुणांची चाचणी वाक्य लिहायला आणि शंभरातून सात-सात वजा करायला सांगते. शाळेचे तोंड न पाहिलेल्या मराठवाड्यातल्या आजींना त्यात कमी गुण पडतात, म्हणून त्यांना स्मृतिभ्रंश आहे असे होत नाही. निरक्षर वृद्धांसाठी उत्तर भारतात या चाचणीचे हिंदी रूप १९९० च्या दशकात तयार झाले ते याच कारणाने. देशव्यापी माहितीची उणीव मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेच्या पुढाकाराने झालेल्या पाहणीने काही अंशी भरून काढली. २०१७-१८ सालच्या तिच्या पहिल्या फेरीत ४५ वर्षांवरील व्यक्ती आणि त्यांचे जोडीदार अशा ७२,००० हून अधिक लोकांची तपासणी झाली. पण ती घराघरांतली पाहणी होती. तीवरून एखादा वृद्धाश्रम कसा आहे हे समजू शकत नाही.

धोरण कोठवर आले

राज्याने २००४ आणि २०१३ साली ज्येष्ठ नागरिक धोरणे आखली आणि २०१८ साली धोरणासाठी ज्येष्ठत्वाचे वय ६५ वरून ६० केले. केंद्राची १९९२ पासूनची वृद्धाश्रम-अनुदान योजना आता अटल वयो अभ्युदय योजनेत आहे आणि तिच्यात अंथरुणाला खिळलेल्या तसेच स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांच्या गृहांनाही अनुदानाची सोय आहे. शुश्रूषागृह नोंदणीच्या राज्याच्या नियमांत २०२१ साली रुग्णहक्कांची सनद आणि दरफलक यांची भर पडली. २०१९ च्या डिसेंबरात २००७ च्या कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक लोकसभेत आले. ज्येष्ठ नागरिकांच्या गृहांची आणि घरपोच सेवा देणाऱ्या संस्थांची सक्तीची नोंदणी व किमान दर्जा यांची तरतूद त्यात होती. ते संमत न होताच २०२४ साली लोकसभेची मुदत संपल्यावर रद्द झाले.

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात ६० वर्षांवरील लोक ९.९ टक्के होते, देशात ८.६ टक्के. १९८० च्या दशकात वाळूज आणि चिकलठाण्याला नोकरीसाठी आलेली पिढी आता साठी ओलांडून पुढे गेली आहे. तिच्या शेवटच्या वर्षांची सेवा कोणती संस्था बरी करते, हे सांगणारी सार्वजनिक नोंद शहरात नाही. ती सुरू करायला नव्या कायद्याची वाट पाहण्याची गरज नाही. अनुदानाच्या तपासणीत खाटा, गाद्या आणि हजेरीपटाच्या रकान्यांशेजारी वजन, जखमा, पडणे आणि रुग्णालयात पाठवलेले रहिवासी असे चार रकाने वाढवले आणि ते जाहीर केले, तर संस्थांची पहिली खरी तुलना शक्य होईल.